शेवटच्या शेताचा कारभारी

तेरणा नदी आपल्या धाराशिव जिल्ह्यात उगम पावते, पुढे मांजरेला मिळते, आणि मांजरेबरोबर तिचे पाणी गोदावरीत जाते. त्याच गोदावरीवर, दूर आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ दवळेश्वरम येथे, सर आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात बंधारा बांधला. तेथील कालवे केवळ शेतीसाठी नव्हते. त्यांतून नावाही चालत. कालव्याची पातळी जेथे एकदम उतरते तेथे ‘लॉक’ बांधलेले असे. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची कोठडी. नाव आत आली की मागचा दरवाजा लावायचा, पाणी हळूहळू पुढच्या पातळीला आणायचे, आणि मगच पुढचा दरवाजा उघडायचा. ज्याला लावता येत नाही त्याला उघडताही येत नाही, असे ते काम.

आपल्या भागात नावांचे कालवे नाहीत. आपले तेर दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने व्यापारासाठी प्रसिद्ध होते, तेव्हाही त्याचा माल गाड्यांतूनच भडोचच्या बंदराकडे जाई. परंतु दरवाजा राखणारा माणूस मात्र आपल्याकडेही आहे. तेरणेवर तेर आणि माकणी येथे धरणे झाली, कालवे निघाले, आणि कालव्यांबरोबर पाटकरी आला.

पाटकऱ्याचे काम दिसायला साधे. शेतकऱ्यांनी नमुना 7 वर पाणीमागणीचे अर्ज भरायचे, त्यांवरून शेजपाळी ठरायची, आणि आवर्तन सुटले की पाटकऱ्याने चारीवरची दारे ठरल्या वेळी उघडायची व लावायची. पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. चारीच्या शेपटाकडून आरंभ करून वर मुखाकडे यावे, असा दंडक आहे. कारण उघड आहे. मुखाजवळच्या शेतापुढून पाणी आपोआपच जाते. शेपटाचे शेत मात्र वरच्या सर्वांच्या संयमावर जगते.

एका पाटकऱ्याशी आमचे बोलणे झाले. तुमच्या कामातले अवघड काय, असे आम्ही त्यांना विचारले. आम्हांला वाटले, ते रात्रीचा अंधार, विंचू-काटा, हिवाळ्यातली थंडी असे काही सांगतील. ते म्हणाले, “फादर, दार उघडायला सगळा गाव हात लावतो. लावायच्या वेळी मी एकटाच असतो.”

मग त्यांनी एका रब्बी हंगामातली हकीकत सांगितली. शेपटाला एका विधवेची दीड एकर ज्वारी पोटरीत आली होती. पाळी तिची होती. वरच्या अंगाला पाटकऱ्यांच्या सख्ख्या चुलत्यांचा हरभरा होता. रात्री चुलते कालव्यावर आले. “एक तास दार उघड, कोणाला कळणार आहे?” म्हणाले. लहानपणी वडील गेल्यावर याच चुलत्यांनी त्यांना वाढवले होते. “पण वरचा एक तास म्हणजे खालचं सगळंच पाणी, फादर. धार बारीक झाली की चारीच ती पिऊन टाकते, शेपटापर्यंत येतच नाही.” त्यांनी दार उघडले नाही. ज्वारी भिजली. चुलते वर्षभर त्यांच्या घराची पायरी चढले नाहीत. पुतण्याच्या लेकीच्या लग्नालाही आले नाहीत. त्या बाईला यातले काहीच ठाऊक नाही. तिच्या लेखी पाणी आले, एवढेच.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण दर काही वर्षांनी मिस्सामध्ये ऐकतो. त्यात मालकाचे औदार्य आपल्या मनात ठसते, आणि ते योग्यच आहे. परंतु मालक स्वतः मजुरी वाटत नाही. तो कारभाऱ्याला सांगतो, आणि शेवटी आलेल्यांपासून आरंभ करावयास सांगतो. पैसा कारभाऱ्याचा नाही, नियमही त्याचा नाही. तरी पहाटेपासून राबलेल्यांच्या रागीट नजरा प्रथम त्याच्याच हातावर खिळल्या असतील. त्या कारभाऱ्याचे नाव शुभवर्तमानात नाही. तो आम्हांला तेरणेच्या खोऱ्यात भेटला.

2005 साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा अधिनियम आला. पाणी वापर संस्थांमार्फत चारीवरच्या वाटपाची जबाबदारी शेतकऱ्यांनीच घ्यावी, हा त्याचा गाभा. म्हणजे जो भाऊबंद एक तास मागतो, त्याच्याच हाती आता किल्ली. ही गोष्ट चांगली आहे, आणि कठीणही आहे.

वाचकहो, शेती नसली तरी किल्ली आपणां प्रत्येकाच्या कनवटीला आहे. धर्मग्रामातील व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचा मदतनिधी असेल, घरात आजारी आईसाठी काढायचा वेळ असेल, शाळेतल्या मागच्या बाकावरचे मूल असेल. जवळचा माणूस नेहमी मुखाशी उभा असतो; त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. शेपटाचा आवाज ऐकू येत नाही. पाणी किती सोडले हे मुखाशी मोजता येते. ते पोचले की नाही हे पाहावयास शेपटापर्यंत चालत जावे लागते.