तळेगावची लोकांची शाळा

फुलपाड्याहून तळेगाव दाभाड्याला जायचे म्हणजे पश्चिम रेल्वेचा संसार सोडून मध्य रेल्वेचा डोंगर चढायचा. जीवदानीच्या पायथ्याच्या आमच्या वस्तीतून रिक्षाने विरार स्टेशन, तेथून दादर, दादरचा तो प्रसिद्ध पूल, मग खंडाळ्याचा घाट आणि लोणावळ्याला पुण्याची लोकल. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव ही स्टेशने मोजून झाली की तळेगाव येते. हवा कोरडी, उन्हाळ्यातही सोसण्याजोगी. मुंबईकर येथे पूर्वी प्रकृती सुधारायला येत. आता बंगल्याची जागा पाहायला येतात. आम्ही निघालो होतो ते एका शाळेच्या शोधात, आणि ती शाळा सरकारने 1910 सालीच बंद केलेली!

बंद शाळेसाठी एवढी यातायात कशाला, असे घरच्यांनीही विचारले. कारण सांगतो. फुलपाड्यात गल्लीगल्लीला शाळांच्या पाट्या आहेत, आणि जून जवळ आला की घरोघरी एकच वाद सुरू होतो. मूल कोणत्या माध्यमात घालायचे, कोणत्या बोर्डाला, आणि पुढे त्याला नोकरी कोठे मिळणार? हाच वाद शंभरावर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात पेटला होता, आणि त्याचे एक उत्तर तळेगावात दिले गेले होते.

उत्तर देणारे होते प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकवीत. पण वर्गात शिकवून भागणारा हा माणूस नव्हता. मराठीत ज्ञानाची पुस्तके नाहीत म्हणून हळहळणारे पुष्कळ असतात. विजापूरकरांनी ‘ग्रंथमाला’ मासिक काढून ती पुस्तके छापायलाच घेतली. पुढे ‘विश्ववृत्त’ मासिक आले. मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवावे, हाताला काही उद्योग यावा, शरीर कमवावे, स्वधर्माची आणि स्वदेशाची ओळख व्हावी, हा त्यांचा ध्यास. दिवसही तसेच होते. 1905 साली बंगालची फाळणी झाली. 1906 च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या पंक्तीला राष्ट्रीय शिक्षण बसविले. त्याच वर्षी कोल्हापुरात विजापूरकरांचे समर्थ विद्यालय सुरू झाले आणि पुढे ते तळेगावास आले. नाव रामदासस्वामींवरून ठेवले होते, हे सांगायला नकोच.

गावाची निवड झोकात होती. मुंबई-पुण्याच्या आगगाडीच्या वाटेवर, पण दोन्ही शहरांच्या गडबडीपासून दूर. शिवाय सेनापती दाभाड्यांचे गाव. खंडेराव दाभाडे शाहू महाराजांचे सेनापती; त्यांचा मुलगा त्रिंबकराव 1731 साली डभईच्या लढाईत थोरल्या बाजीरावाविरुद्ध लढताना पडला. आपल्याच माणसांशी लढून मेलेला सेनापती, मुलांना इतिहास शिकवायला याहून अवघड धडा कोणता? उमाबाई दाभाड्यांच्या पराक्रमाच्या गोष्टीही याच मातीतल्या.

आणि दुसरे शेजारपण पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना: माणशी वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावा. ऐकणाऱ्यांनी हसूनच घेतले असेल. पण पैशाला पैसा लागून 1908 साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे काचकाम शिकवू लागले. एकाच गावात, एकाच सुमारास, लोकांच्या वर्गणीवर एक कारखाना आणि एक शाळा!

शाळेला सरकारी मान्यता नव्हती. हे वाक्य लिहायला सोपे. त्या काळच्या बापाच्या जागी बसून पाहा. मान्यता नाही म्हणून मॅट्रिक नाही, मॅट्रिक नाही म्हणून कॉलेज नाही, आणि सरकारी नोकरीचे तर नावच नको. भाषणाला टाळ्या वाजविणे निराळे आणि पोटचा मुलगा तेथे धाडणे निराळे. तरीही धाडणारे निघाले. आम्हांला विजापूरकरांइतकेच कौतुक वाटते ते या नाव नसलेल्या आईबापांचे.

घाव आला तो मात्र मासिकावरून. 1908 साली ‘विश्ववृत्ता’त श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख आला. होय, वेदांच्या भाषांतरांमुळे पुढे घरोघरी माहीत झालेले, शंभरी गाठून 1968 साली वारलेले तेच सातवळेकर. वेदमंत्रांत राजद्रोह सापडला! विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याबरोबर शाळेतले आणि मासिकातले त्यांचे सहकारी वामन मल्हार जोशी यांनाही तितकीच. लोकमान्य त्याच वर्षी सहा वर्षांसाठी मंडालेला गेलेले. शाळेचा आधार असा एकेक करून काढून घेतला गेला. त्यातून 1909 च्या डिसेंबरात नाशकात जॅक्सनचा वध झाला आणि सरकारचा संशय शिगेला पोचला. 1910 साली समर्थ विद्यालय बेकायदेशीर ठरले आणि दाराला कुलूप लागले.

काचेचा कारखाना मात्र चालू राहिला. तेथे शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर गेले. आम्हांला हा फरक फार बोलका वाटतो. देशी कंदिलाची काच सरकारला सोसली; देशी शाळा सोसली नाही. वर्गणी दोन्हींची लोकांचीच. कोणत्या भट्टीत काय तयार होते, हे साहेबाला आपल्याहून नीट कळत होते, असेच म्हणावे लागते.

वामन मल्हार तुरुंगातून सुटले आणि पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत मुलींना शिकवू लागले. ज्यांनी ‘रागिणी’ वाचली असेल, ‘सुशीलेचा देव’ वाचली असेल, त्यांनी त्या शांत, वादविवादप्रिय लेखकाची ही तीन वर्षे ध्यानात घ्यावी. शिक्षा भोगून आलेला माणूस एवढ्या समतोलपणे विरुद्ध बाजूचे म्हणणे मांडतो, याचे नवल वाटते.

विजापूरकरही थकले नाहीत. 1926 साली ते वारले. पण त्याआधी तळेगावात पुन्हा शाळा उभी राहिली होती. तिचे नाव नवीन समर्थ विद्यालय. त्या ‘नवीन’ शब्दात जुन्या कुलपाची सारी हकीकत आहे, पण पाटी वाचणाऱ्याला ती कळायची कशी? नव्या शाळेने मान्यतेचा मार्ग धरला. तेथली मुले आता इतरांसारखीच बोर्डाची दहावी देतात, आणि निकालाच्या दिवशी त्यांच्याही घरी टक्क्यांचीच चौकशी होते.