उतरलेली ड्रेपरी

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांमुळे. ५ नोव्हेंबर १८४३ ला त्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं, आणि त्यानंतर या गावाला नटांचा तुटवडा कधी भासला नाही. त्या नटांना कपडे पुरवणाऱ्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नसतात. आमच्या गावभागातल्या वाड्यात तळमजल्यावर असेच एक ड्रेपरीवाले राहायचे. वाडा त्यांना तात्या म्हणायचा. मी गेली अनेक वर्षं अंगणवाडी सेविकांना बालशिक्षण शिकवते आहे. त्या विषयाची पुस्तकं पुढे वाचली, परीक्षा दिल्या. पण पाया घातला तो तात्यांनी, आणि त्यांना त्याची खबरही नव्हती.

गणपतीपासून त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. आधी मेळे, मग शाळांची स्नेहसंमेलनं, मग चैत्र-वैशाखातल्या यात्रा आणि यात्रांतली नाटकं. ट्रंका एसटीच्या टपावर चढायच्या आणि जतपासून शिराळ्यापर्यंत हिंडून यायच्या. पावसाळ्यात धंदा बसलेला असायचा. तेव्हा काकू मशीनवर उसवलेलं शिवत बसायच्या, तात्या डिंक आणि चमकी घेऊन मुकुट दुरुस्त करायचे, आणि आख्ख्या वाड्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. डागडुजीपलीकडे गेलेला माल निराळा काढला जाई. जर निघालेला शेला, एका अंगाने दबलेला पुठ्ठ्याचा मुकुट, घामाने आखडलेला अंगरखा, एका बाहीचा कोट. ही उतरलेली ड्रेपरी आम्हा पोरांची.

फक्त एक अट होती. एका पोराला एकच वस्तू. आम्हाला अर्थात सगळं हवं असायचं. एकदा मी अख्ख्या शिवाजीसाठी हटून बसले, तर तात्या सुईतून डोळा न काढता म्हणाले, “अख्खा शिवाजी भाड्यानं मिळतो. फुकट पायजे तर जिरेटोप घे, बाकीचा तू हो.”

हा शुद्ध कंजूषपणा आहे असं तेव्हा आमचं मत होतं. थोडा असेलही, धंदेवाईक माणूस होता. पण त्या एका वस्तूने आम्हाला जे करायला लावलं ते भरलेल्या ट्रंकेने करायला लावलं नसतं. शेला सकाळी राजाचा असायचा, दुपारी नवरीचा पदर, मग नदी, मग बाळाची झोळी. तलवार नसल्यामुळे ती हातात आहे हे सगळ्यांना कबूल करून घ्यावं लागे, आणि कबूल करून घ्यायचं म्हणजे बोलावं लागे. निम्मा खेळ या वाटाघाटींतच जायचा. कोण राजा, राजा किती वेळ, मेलेला सरदार पुन्हा उठून जेवायला बसू शकतो का. वाड्यातल्या मोठ्यांना हे भांडण वाटे. मला आता विचाराल तर भाषेचा याहून चांगला तास मी कुठल्या वर्गात पाहिलेला नाही.

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. पंगतीत त्याचं बूड पाटाला टेकायचं नाही. त्याला द्वारपालाचं चिलखत मिळालं, म्हणजे चंदेरी रंग दिलेला गोणपाटाचा तुकडा. ते अंगावर चढलं की जिन्याच्या कठड्यापाशी तो ताठ उभा राही. आजी जेवायला हाका मारायची, हा ओ देत नसे. द्वारपाल बोलत नसतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे शिकताना १९४८ चा एक सोव्हिएत प्रयोग वाचनात आला. मनुइलेंको या संशोधिकेने लहान मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसतं सांगितल्यावर मुलं लवकर चुळबुळू लागली. पहारेकरी व्हायला सांगितल्यावर पुष्कळ जास्त वेळ टिकली. मी वाचता वाचता मोठ्यांदा हसले. वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात याचं मर्म सांगितलं होतं. सोंगाच्या खेळात मूल मोकाट सुटतं असं आपण समजतो, पण तिथेच ते आपणहून नियमात राहतं. राजाने रडायचं नसतं, म्हणून राजा झालेलं पोर गुडघा फुटला तरी रडू आवरतं. मनाला आवर घालायची ही तालीम दुसऱ्या कुणालाही धाक दाखवून घेता येत नाही.

अलीकडे, २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांचा असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणं काम दिलं, शेजारी खुणावणारा आयपॅडचा खेळ ठेवला. जी मुलं बॅटमॅनसारखं कुणीतरी होऊन कामाला बसली ती सर्वांत जास्त वेळ चिकटून राहिली. सेविकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, चला, उद्यापासून सगळ्यांना केप घाला. तिथे मी लगाम ओढते. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आधीचं पुष्कळ संशोधन चाळून बजावलं आहे की सोंगाच्या खेळामुळेच बुद्धी वाढते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. मला ते पटतं. खेळ म्हणजे टॉनिक नाही. मूल खेळतं कारण त्याला खेळायचं असतं, आणि एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

तात्यांचं पोट मात्र नेमक्या उलट्या गोष्टीवर चालायचं. फॅन्सी ड्रेस! डिसेंबर आला की आया रांग लावायच्या. नेहरू, झाशीची राणी, भाजीवाली, सगळं डोक्यापासून पायापर्यंत तयार. मग ते मूल मिशी खाजवत स्टेजवर उभं राहायचं, पाठ केलेली तीन वाक्यं म्हणायचं, नाहीतर भोकाड पसरायचं. खेळायला त्याच्याकडे काही शिल्लकच नसे. तात्या भाडं घेऊन गप्प बसत.

माझी बालवाडी सुरू झाली तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी एक ट्रंक भरून दिली. कपड्यांचे पैसे घेतले नाहीत, ट्रंकेचं डिपॉझिट घेतलं. भरताना एकेक कपडा ते पारखत होते. पाठीमागे बटणं आहेत तो नको, पुढून उघडणारा घे. विंगेत नटाला झटपट बदलायचं असतं, पोरालाही तेच. मोठे हूक, ढगळ बाह्या. गळ्याभोवती नाडी अजिबात नको. लांबी गुडघ्याच्या वर, नाहीतर पाय अडकून आपटेल. दुसऱ्याच्या मदतीशिवाय कपडा चढवता आला की मुलाची मान कशी ताठ होते, ते मी नंतर रोज पाहिलं. बोटांना हूक लावायचा सराव होतो तो वेगळाच.

एकदा एक वडील तक्रार घेऊन आले, की मुलगा लुगडं गुंडाळून स्वयंपाक करतो. तात्या योगायोगाने तिथेच होते. म्हणाले, “साहेब, आपल्या नागठाण्याचे नारायणराव लुगडं नेसून उभे राहिले आणि बाळगंधर्व म्हणून गाजले. त्यांचं बघून बायका नेसायला शिकल्या. तुमच्या पोरानं भात टाकला तर काय बिघडतंय?” गृहस्थ हसले. मुलाचा स्वयंपाक सुरू राहिला.

तात्या आता नाहीत. भाड्याच्या कपड्यांची जागा पॉलिएस्टरच्या तयार संचांनी घेतली आहे, पिशवी फोडली की पूर्ण सुपरमॅन. मी प्रशिक्षणात अजूनही तात्यांची अट सांगते: एका मुलाला एक वस्तू, तीही धुता येणारी. टोप्यांतून उवा पसरतील, हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो बरोबर आहे; म्हणून टोपीऐवजी रुमाल, आणि आठवड्याला गरम पाणी व ऊन. मागच्या खेपेला जतकडच्या एका सेविकेने सासऱ्यांची जुनी घोंगडी आणली होती. तिला वाटलं, पोरं मेंढपाळ होतील. पोरांनी घोंगडी कोटासारखी खांद्यावर टाकली, पाट पुढ्यात ओढला आणि बँकेतले साहेब होऊन एकमेकांना सांगू लागली, कागद अपुरे आहेत, उद्या या.