टीआय आणि पाचशे ऐंशी

जळगाव जामोदात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एखाद्याच्या कॅबिनेटचं झाकण उघडलंत, तर या दोन ग्राफिक्स कार्डांपैकी कुणाची तरी गाठ पडू शकते. एक जीटीएक्स १०५० टीआय, एनव्हिडियाच्या घरचा, ऑक्टोबर २०१६ चा. दुसरा आरएक्स ५८०, एएमडीचा, एप्रिल २०१७ चा. दोघांचंही वय झालंय. तरी सेकंडहँड बाजारात दोघांचीही ऊठबस चालू आहे, आणि 'दोघांतला कोणता घेऊ?' असं विचारणारे अजून भेटतात. घेण्याआधी दोघांचे स्वभाव जाणून घ्या, एवढंच माझं म्हणणं.

टीआय अल्पाहारी आहे. ७५ वॅटमध्ये भागवतो. तेवढी वीज मदरबोर्डचा स्लॉटच देतो, म्हणून त्याच्या बऱ्याच मॉडेलांना एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, वेगळी केबल लागत नाही. एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप असो, आत कंपनीचाच लहानसा एसएमपीएस असो, हा मुकाट्याने जाऊन बसतो आणि कामाला लागतो.

पाचशे ऐंशी दारातूनच जेवणाची चौकशी करतो. १८५ वॅट, त्यासाठी आठ पिनांची स्वतंत्र केबल, आणि पाठीशी ५०० वॅटचा प्रामाणिक एसएमपीएस. प्रामाणिक हा शब्द मुद्दाम घातला. स्टिकरवर ५०० छापून निम्म्यावरच धापा टाकणारे डबे बाजारात पुष्कळ आहेत, आणि त्यांची लबाडी पाचशे ऐंशी पहिल्याच रेंडरला उघडी पाडतो. मशीन फटकन बंद!

ही भूक त्याच्या घराण्यातच आहे. थोरला भाऊ आरएक्स ४८० जून २०१६ मध्ये आला, तो स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतो म्हणून चारचौघांत बोभाटा झाला. पुढच्याच महिन्यात नवा ड्रायव्हर काढून एएमडीला त्याला आवर घालावा लागला. त्याला सहा पिनांची केबल होती, धाकट्याला आठ पिनांची मिळाली.

अंगापिंडाने मात्र पाचशे ऐंशी खरोखर दांडगा. त्याचे कोर २३०४, टीआयचे ७६८. त्याची मेमरी सेकंदाला २५६ जीबी हलवते, टीआयची ११२. हे आकडे दाखवून तो छाती फुगवतो आणि गिऱ्हाईक भाळतं. पण तिप्पट कोर म्हणजे तिप्पट काम नव्हे, कारण दोन कंपन्यांचे कोर एका मापाचे नसतात. फुल एचडी गेममध्ये तो टीआयच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट पळतो. हेही काही थोडं नाही. फक्त त्याच्या तोंडून ऐकलं की जरा वजा करून ऐकावं.

आता उन्हाळ्याकडे या. दोघांची खरी परीक्षा तिथेच आहे. या तालुक्यात पीक-पावसाचं भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते. त्याच सुमाराला लग्नसराई ऐन भरात असते, आणि सातपुड्याच्या पायथ्याला पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला असतो. म्हणजे कार्डाला सर्वांत जास्त काम नेमकं सर्वांत जास्त उकाड्यात. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोली २५ अंशांवर असताना ७० दाखवणारं कार्ड खोली ४० वर गेली की ८५ च्या घरात जातं. त्यात पाचशे ऐंशी जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता करून खोलीतच सोडतो. १८५ वॅटची शेगडी टेबलाखाली, समोर घामाघूम एडिटर, आणि तिसऱ्या दिवशी अल्बमसकट व्हिडिओ मागणारे वधूपिते. पाचशे ऐंशीचे पंखे तेव्हा असे ओरडतात की हेडफोन लावूनही ऐकू यावेत. टीआयचाही पंखा वाढतो, पण तो कुरकुरतो, किंचाळत नाही.

मग लाईन जाते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. टीआयवाल्याला फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला उसंत मिळते. पाचशे ऐंशीवाला धावत सुटतो. आणि बिल? दोघांत ११० वॅटचा फरक. रोज आठ तास पूर्ण भार धरला तर महिन्याला २६ युनिटं.

टीआयमध्ये खोट नाही असं समजू नका. त्याच्या पदरी मेमरी ४ जीबीच. ड्रोनचे ४के शॉट, वरून रंगाचे दोन-चार थर चढवले की दाविंची रिझॉल्व्ह जीपीयूची मेमरी भरल्याची पाटी लावतं, आणि हा हात वर करून बसतो. ८ जीबीवाला पाचशे ऐंशी ते काम न बोलता उचलतो. पण टीआयला माहेरचा आधार मोठा. एनव्हिडियाचं कूडा म्हटलं की बरीच सॉफ्टवेअरं दार उघडतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरने डिसेंबर २०२१ मध्ये, एएमडीची कार्डं ज्याच्या भरवशावर होती ते ओपनसीएलवरचं रेंडरिंग काढून टाकलं, तेव्हा त्याच्या सायकल्स या रेंडर-इंजिनाच्या दारात पाचशे ऐंशी बाहेर राहिला आणि टीआय आत गेला.

पाचशे ऐंशीचा भूतकाळही विचारून घ्या. इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगवाल्यांचा तो लाडका होता. रात्रंदिवस राबवला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि अशा राबलेल्या कार्डांचे ढीग बाजारात उतरले. उलट २०२१ च्या कार्डटंचाईत मायनिंगवाल्यांनी नाकारलेल्या टीआयला एनव्हिडियाने पुन्हा बोलावून दुकानांत उभं केलं. त्याच्या नाकारलेपणाचं असं सोनं झालं!

आणखी एक सावधगिरी. पाचशे ऐंशीचा एक तोतया फिरतो. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी एएमडीनेच '५८० २०४८एसपी' नावाने काढला. मुळात तो आरएक्स ५७०, कोर २०४८. पैसे देण्याआधी जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून २३०४ दिसतात का ते बघा.

माझं मत विचाराल तर फुल एचडीचं काम, जुना डेस्कटॉप आणि जामोदचा उन्हाळा एवढं जमेस धरून मी टीआयच्या बाजूने आहे. ४के करणाऱ्याने मात्र चांगला एसएमपीएस आधी घ्यावा, पाचशे ऐंशी नंतर. आणि दोघांकडूनही आता नव्या खेळांची अपेक्षा ठेवू नये. एएमडीने २०२३ पासून पाचशे ऐंशीचे ड्रायव्हर मोजून-मापून द्यायला सुरुवात केली. टीआयलाही नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, पुढे सुरक्षेपुरती डागडुजी ऑक्टोबर २०२८ पर्यंत. त्याच्या वाट्याला आलेल्या शेवटच्या ड्रायव्हर-मालिकेचा क्रमांक आहे ५८०.