नीळकंठाचा कंठ

आश्विन लागला की दख्खनच्या पठारावरचे आकाश धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ दिसू लागते. भरतकामाच्या परदेशी पुस्तकांतला शरद मात्र निराळा असतो. तेथे तांबडी-नारिंगी मेपलची पाने असतात आणि त्या पानांच्या आड एखादा गुबगुबीत पक्षी बसलेला असतो. आपल्याकडची पानगळ शिशिरातली. शरदात झाडे हिरवीच असतात; गवत तेवढे पिवळे पडू लागते आणि ओढ्याकाठी कासाचे पांढरे तुरे डोलतात. त्यामुळे हैदराबादच्या काचीगुडा भागात राहणाऱ्या एका मराठी गृहिणीने शरदातला पक्षी भरायचे ठरवले, तेव्हा पुस्तकातला एकही नमुना तिच्या उपयोगी पडेना. तिला नीळकंठ भरायचा होता, आणि तोही दसऱ्याच्या आत.

या घाईचे कारण घरातच होते. दसऱ्याच्या दिवशी नीळकंठ दिसणे शुभ, अशी समजूत देशाच्या पुष्कळ भागांत आहे. तेलुगू लोक त्याला ‘पालपिट्ट’ म्हणतात. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, तेव्हा हाच त्याचा राज्यपक्षी ठरला. कर्नाटक आणि ओडिशा यांनीही त्याला तोच मान दिला आहे. मान एवढा मोठा, पण सणाच्या दिवशी त्याचे हालही तेवढेच मोठे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे हा गुन्हा आहे. तरी दसरा जवळ आला की त्याला जाळ्यात धरतात, पिंजऱ्यात कोंडतात आणि दारोदार दर्शन घडवून पैसे घेतात.

सासूबाई हे दर्शन कधी चुकवीत नसत. मागल्या दसऱ्याला पिंजरेवाल्याने दारात येऊन फडके बाजूला केले, तेव्हा त्यांनी हात जोडले. सून त्यांच्या मागे उभी होती. तिचे लक्ष पक्ष्याच्या पंखांकडे गेले. पंखांभोवती दोरा आवळलेला होता. रोज हातात सुई धरणाऱ्या बाईच्या नजरेतून तो सुटणे शक्य नव्हते.

“आई, यंदा पिंजरेवाल्याला बोलावू नका,” या वर्षी ती म्हणाली. “मी घरीच नीळकंठ करते.”

“कापडावरचा? त्याचं दर्शन लागू पडतं होय?”

“भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीचं पडतंच ना!”

सासूबाई हसल्या. “बरं, कर. पण मला दिसेल असा कर हो.”

सारी अडचण या शेवटच्या वाक्यात होती. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर व्हायची होती. मोतीबिंदूने नजर नुसती धूसर होत नाही, ती पिवळटही होते. पिवळ्या काचेतून पाहावे तसे जग दिसते आणि निळा रंग काळपट होऊन जातो. पक्षी निळा आणि पाहणाऱ्याला निळेच नीट दिसत नाही, असा हा पेच होता.

पहिली चूक तिने दोऱ्यांच्या दुकानातच केली. पक्ष्याचे नाव नीळकंठ, म्हणून तिने गर्द निळ्या रंगाच्या लड्या घेतल्या आणि घरी येऊन आधी कंठच भरला. तो पुरा झाला, आणि दोनच दिवसांनी तिला माहेरी नांदेडला जावे लागले. गाडीच्या खिडकीतून तारेवर बसलेला एक पक्षी तिला दिसला. मातकट, जाड डोक्याचा, काहीसा सुस्तावलेला. त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोणी पाहिलेही नसते. पण एवढ्यात तो गवतावर झेपावला, आणि त्या मातकट पाखराच्या अंगातून निळाईचे दोन पंखे उघडावेत तसे पंख उघडले. गाडी पुढे गेली. इतकी वर्षे आपण दसऱ्याला हात जोडत आलो, पण हा पक्षी आपण पाहिलेलाच नाही, हे तिच्या ध्यानात आले.

परतल्यावर तिने ग्रंथालयातून पक्ष्यांचे पुस्तक आणले. त्यात जे होते ते तिने खिडकीतून पाहिल्याशी जुळत होते. नीळकंठाचा कंठ निळा नसतो! तो तांबूस तपकिरी असतो आणि त्यावर पांढरट बारीक रेघा असतात. डोक्याची टोपी निळी, पोटाचा खालचा भाग फिका आकाशी, पाठ मळकट तपकिरी. आणि पंखांवर व शेपटीवर गडद व फिक्या निळ्याचे पट्टे. मराठीत त्याचे ‘नीलपंख’ असेही एक नाव आहे. खरे म्हणजे तेच त्याला शोभते. पण सणाच्या तोंडी बसले ते दुसरे.

तिने कंठाचे टाके उसवले. भरलेले काम उसवणे हे नवे भरण्याहून अवघड असते. कात्रीचे टोक कापडाला लागू द्यायचे नाही, आणि उसवल्यावर सुईची भोके कापडावर तशीच राहतात. त्या भोकांवर पुन्हा दाट भरावे लागणार, हे तिने तेव्हाच ओळखले.

आता रंगांची निवड नव्याने सुरू झाली. दुकानातल्या नळीच्या दिव्याखाली निळे सगळे सारखेच दिसतात, म्हणून या खेपेस ती लड्या हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात आली. दुकानदाराला हे आवडले नाही. पण रंग पारखायचा तर दिवसाच्या उजेडातच, याला इलाज नाही. साड्यांच्या रंगांची नावे तिच्या मदतीला आली. चिंतामणी, मोरपंखी, आकाशी, जांभळट निळा असे चार निळे तिने घेतले. कंठासाठी विटकरी आणि बदामी, रेघांसाठी मोतिया, डोळ्याभोवतीच्या उघड्या कातडीसाठी हळदीत माती कालवावी तसा पिवळा.

नीळकंठाच्या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश असा विखुरतो की डोळ्यांपर्यंत निळाच पोचतो. रंगवलेल्या सुती दोऱ्याला हे कसे साधावे? तिने आपल्यापुरता उपाय काढला. भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो. त्याचे पदर सुटे करून एक चिंतामणीचा आणि एक मोरपंखीचा असे दोन तिने एकाच सुईत ओवले. दुरून पाहता त्या दोहोंचा मिळून एक तिसराच निळा दिसू लागला.

पण सासूबाईंचे काय? त्यांच्यासाठी निळ्याची छटा महत्त्वाची नव्हती. गडद आणि फिके यांतला फरक महत्त्वाचा होता. फिका आकाशी आणि जांभळट निळा शेजारी शेजारी आले, तर रंग ओळखता आला नाही तरी पट्टे ओळखता येतील. म्हणूनच पक्षी तारेवर बसलेला नको, पंख पसरून उडणारा हवा, असे तिने ठरवले. कापडही शुभ्र घेतले नाही. पांढऱ्यावर उजेड पडला की सासूबाईंचे डोळे दिपत. तिने सायीच्या रंगाचे केसमेंट घेतले.

आराखडा छापायला तिने जुनीच रीत वापरली. बटर पेपरवर चित्र काढून सुईने भोके पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. पंखांच्या पट्ट्यांना तिने भरीव टाका घेतला, तिरका, पिसांच्या दिशेने. सुती दोऱ्याची चमक टाक्याच्या दिशेवर असते. एकाच रंगाचा टाका आडवा घातला तर वेगळा दिसतो आणि उभा घातला तर वेगळा. डाव्या पंखावर ती चुकून सरळ टाके घालीत गेली. पंख फळीसारखा दिसू लागला, म्हणून तोही उसवावा लागला. छातीला लांब-आखूड टाका, म्हणजे विटकरीतून बदामीत जाताना मधे रेघ उमटत नाही. चोच काळ्या दोऱ्याच्या दाट उलट्या टिपेची. खाली कासाचे चार देठ, बस्स. आपट्याची पाने आणि झेंडूही घालावेत असे शेजारणीने सुचवले होते. सणाचे म्हणून जे जे असते ते सारे एका कापडावर कोंबायचा मोह भरतकाम करणाऱ्याला फार होतो. तिने तो टाळला.

कंठ तिने सर्वांत शेवटी भरला. उसवल्याची भोके विटकरी टाक्यांखाली झाकली गेली. त्यावर मोतिया दोऱ्याच्या रेघा मात्र तिने मुद्दाम तीन पदरी घेतल्या. जरा जाडच दिसत होत्या. पण बोटाला लागत होत्या.

दसऱ्याच्या सकाळी तिने चौकट सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, जवळ घेतली, पुन्हा लांब धरली.

“पट्टे दिसतात गं,” त्या म्हणाल्या. मग बोट कंठावर आले आणि थांबले. “आणि हा काय रंग घातलास?”

“विटकरी, आई.”

“नीळकंठ म्हणायचं आणि कंठ विटकरी?”

“तसाच असतो तो. मी पाहिलाय, नांदेडला जाताना.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. खाली गल्लीत पिंजरेवाल्याची हाक ऐकू आली, मग तीच हाक पुढच्या दारी गेली. त्यांचे बोट रेघांवरून पंखांवर आणि पंखांवरून शेपटीवर गेले, तेथून काहीतरी शोधत खालच्या मोकळ्या कापडावर फिरत राहिले.

“पाय कुठं आहेत याचे? कशावर बसवलास?”

“बसलेला नाही, आई. उडतोय.”