ऊन फिरतं तसा पडदा

मे महिन्यात मांडव्याच्या जेटीपासून थोडं दूर नांगर टाकून आम्ही जेवायला बसलो होतो. शिडाची 22 फुटी होडी, कॉकपिट जेमतेम चार माणसांचं. आई पहिल्यांदाच आली होती. डोक्यावर निळी ताडपत्री ताणली होती, तरी तासाभरात तिला गरगरायला लागलं. ताडपत्रीखाली उभं राहून पाहिलं, तर भट्टीसारखी धग कोंडलेली. प्लॅस्टिकमधून हवा जात नाही, एवढी साधी गोष्ट मी लक्षातच घेतली नव्हती. त्या दिवसाची रुखरुख अजून आहे.

मोठ्या यॉटवर स्टीलच्या पाइपांवर छत असतं, बिमिनी म्हणतात ते. तसं करून घ्यायच्या आधी होडी गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे कायमच्या बोयाला बांधलेली असतानाच बांबू बांधून वर जुनी चादर टाकून पाहिली. सुकाणूवर बसलं की मुख्य शीड दिसेना. शिवाय आमचा बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, इतका खाली, की होडी वळवताना तो छताला घासलाच असता. शीड दिसत नसताना होडी हाकणं मला पटत नाही. त्यामुळे होडी चालताना टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा. छत फक्त नांगरावर, बूमवरून दोन्हीकडे तंबूसारखं उतरणारं.

कापड अ‍ॅक्रिलिक कॅनव्हासचं घेतलं. त्याचा रंग धागा बनतानाच त्यात मुरवलेला असतो, म्हणून लवकर विटत नाही, आणि हवाही थोडी खेळते. पांढरं नको म्हटलं. पाण्यावरची तिरीप खालून पांढऱ्या कापडावर आपटून डोळ्यांत येते. राखाडी निवडलं. शिवणाऱ्या काकांनी धाग्याचं विचारलं ते बरं झालं. उन्हाने कापडाआधी शिवणच जाते. साधा सुती दोरा समुद्रावर टिकत नाही.

खरी अडचण बाजूंची. मेच्या मध्याला मुंबईत भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा वरचं छत पुरतं. चार वाजता ऊन पश्चिमेकडून तिरकं आत शिरतं. वायव्येच्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या होडीत ते पुढून, डाव्या अंगाने येतं. पण पाण्याची ओढ वाऱ्याहून जोरात असली की होडी फिरते आणि ऊनही बाजू बदलतं. म्हणून पडदा छताला शिवला नाही. जाळीच्या कापडाचा सुटा पडदा केला, हुकांनी कुठेही अडकवता येईल असा. जाळीतून वारा येतो.

मुरिंगवर होडी आठवडाभर एकटी असते, तेव्हाचं आच्छादन वेगळंच. त्याला उतार हवा, टोकांना हवेसाठी फट हवी, नाहीतर आत बुरशी धरते. एकाच कापडात दोन्ही कामं भागवायचा नाद मी सोडून दिला.

यंदा आई पुन्हा आली. जेवण झालं, ओहोटी लागली, होडी हळूहळू फिरली आणि तिच्या पावलांवर ऊन आलं. मी उठेपर्यंत तिने पडद्याचे हुक काढून पलीकडे अडकवायला घेतले होते.