मुके घड्याळ

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या जुन्या दगडी वाड्याच्या माजघरात कधी कधी लाकडी पेटीचे एक घड्याळ आढळते. काचेवर धुळीचा थर, तबकडी पिवळी पडलेली, काटे थबकलेले. घरातील मंडळी म्हणतात, "ते मेले आता, मोडीत घाला." त्याला झाले तरी काय, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

ही घड्याळे मूळची परमुलखातील. युरोपातील थंड देशांत भिंतीतच शेकोटी असे. तिच्या वरच्या फळीसाठी ती घडविली गेली. आमच्या उन्हाळी प्रदेशात तशी शेकोटी कुठली? म्हणून कोनाडा हेच त्यांचे घर झाले.

बंद पडलेल्या घड्याळाचे पुष्कळदा एकही चाक मोडलेले नसते. जुने तेल सुकून चिकट होते, त्यात धूळ कालवली जाते आणि कमानीचा सारा जोर त्या चिखलातच खर्ची पडतो. कधी तर फळी तेवढी तिरपी असते. लंबकाची टिकटिक समान अंतराने पडली नाही, तर धडधाकट घड्याळही थांबते. पायाखाली कागदाची घडी सारताच ते चालू लागते!

अधीर हात मात्र येथे घात करतात. कोणी भसाभस तेल ओततो. धूळ अधिकच घट्ट बसते. कोणी तबकडी घासू लागतो. मळाबरोबर आकडेही पुसून जातात. कोणी ताणलेली कमान न उतरविताच चाके सुटी करू पाहतो; ती उसळून दाते मोडते आणि बोटेही फाडते.

जाणता घड्याळजी प्रथम कान देतो. कमानीचा ताण हळूहळू उतरवितो, चाके सुटी करून स्वच्छ करतो आणि सुईच्या अग्राएवढे तेल नेमक्या जागी ठेवतो. लंबकाचा गोळा किंचित वर चढविला की घड्याळ पुढे धावते. खाली उतरविला की मागे रेंगाळते. डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ योजले, तेव्हापासून हा नियम ढळलेला नाही. आतल्या पितळी पत्र्यावर कधी पूर्वीच्या कारागिराने कोरलेली तारीख सापडते. शहाणा घड्याळजी ती पुसत नाही. ते त्या घड्याळाचे चरित्रच होय.

याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर. तेथे मातीत विखुरलेल्या पुरातन वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आवडीने वेचून जपल्या आणि त्या संग्रहातूनच तेथील संग्रहालय उभे राहिले. इतरांनी ज्यांना खापरे म्हटले असते, त्यांतून गतकाळ बोलू लागला. जुन्या वस्तूचे वय राखून तिला पुन्हा बोलते करणे, हाच खरा जीर्णोद्धार.

पण दुरुस्तीने काम संपत नाही. अशा पुष्कळ घड्याळांना आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागते. ठरल्या वारी ती देणारा हात घरात हवा. धूळ तर दाराशी टपलेलीच असते.