तुंबलेला फिल्टर बोलत नाही

ऑईल बदलायचा कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा खोटा नसतो, पण तो बेताच्या धुळीचा आणि बेताच्या वजनाचा असतो. त्याच पुस्तिकेत धूळ, वजन, चढ असेल तर लवकर बदला, असंही लिहिलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही. आमचं नार्नूर नेमकं त्या ओळीत बसतं. दिवाळीच्या सुमारास कापूस निघाला की इथल्या पिकअप उतनूर, इंद्रवेल्लीवरून आदिलाबादच्या मार्केटला लागतात. पुष्यात केसलापूरच्या नागोबाची जत्रा आली की माणसांचं भाडं. मीटर चाकांचे फेरे मोजतो; खालच्या गिअरमध्ये इंजिन किती राबलं, ते मोजत नाही. ट्रॅक्टरवाले बरे, ते तास धरतात.

ड्रायव्हर डिपस्टिक काढून दाखवतात, ‘मिस्त्री, काळं पडलं बघा.’ डिझेल गाडीत नवं ऑईलही काजळीनं लगेच काळं होतं, त्याचं काही नाही. भीती वेगळीच आहे. तुंबलेला फिल्टर गाडी बंद पाडत नाही. आतला कागद चोंदला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळताच बेरिंगकडे जातं. प्रेशर मिळत राहतं, म्हणून लाल दिवाही लागत नाही.

म्हणून उतरवलेला फिल्टर मी कापून बघतो. हॅक्सॉनं नाही; त्याचाच चुरा आत पडून फसवतो. कटरनं टोपण काढायचं, कागदाच्या घड्या पिळून उन्हात पसरायच्या. चुंबकाला कण चिकटले तर लोखंड झिजतंय. तांबूस चमक दिसली तर बेरिंगचा वरचा थर गेला. बोटात रेती करकरली, तर आधी एअर फिल्टरच्या पाइपाची क्लिप बघायची. बाहेरून आत शिरणारी धूळ ऑईल फिल्टर किती दिवस पेलणार?

बसवताना जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, ते बघावं. दोन रबरं एकावर एक बसली की प्रेशरनं ऑईल बाहेर उडतं. नव्या रबराला ऑईलचं बोट लावायचं. रबर टेकलं की पुढे पाऊण फेरा, तोही हातानं.

चार गाड्यांच्या मालकाला चारही गाड्यांचं काम एकदम उरकायचं असतं. मी म्हणतो, शेठ, गाडीगणिक वही ठेवा. कुठली चढावर गेली, कुठली सपाटीला, किती वजन होतं, ते लिहा. ऑईलचे पैसे वाचवायला माझी ना नाही. पण आकडा वाढवायचा तर आधी फिल्टर कापून बघू, मग वाढवू.